नागपुरातल्या मोमिनपुऱ्याच्या आशा कार्यकर्त्या आपांना

आपा, सलाम.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, तरी तुमचं नाव घालत नाही. नाव छापून आलं की पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी टोमणा मारतंच, असं तुम्हीच हसत सांगितलं होतं. मोमिनपुऱ्यात तसंही तुम्हाला नावाने हाक मारणारं कोण आहे?

27 नोव्हेंबर 2018 ला राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून मी तुमचं काम बघतेय. 9 महिन्यांपासून 15 वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना एक सुई द्यायची होती. मी ज्या उर्दू शाळेत मराठी शिकवते, तिथून घरोघरी चिठ्ठ्या गेल्या आणि बऱ्याचशा सहीविना परत आल्या. ही सुई घेतली तर पोरींना पुढे मूल होणार नाही, असं मोबाइलवर फिरत होतं. स्टाफरूममध्ये एकच सूर होता, "अडाणी लोक, कायले समजावता?"

तुम्ही शाळेच्या फाटकापाशी आयांमध्ये बसलात आणि म्हणालात, "क्या सुना है, वो पहले बताओ." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिलात. एकीच्या सासऱ्यांना आणीबाणीत नसबंदीसाठी धरून नेलं होतं. दुसरीला कुठल्याशा दवाखान्याच्या खिडकीवर "इतकी पोरं कशाला?" असं ऐकावं लागलं होतं. 1976 ची धास्ती 2018 च्या चिठ्ठीवर सही करू देत नव्हती. त्याला अडाणीपणा म्हणणं मला आजही पटत नाही.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर तुम्ही रुबेलाचं सांगितलंत. पोटुशी असताना बाईला तो झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय बिघडू शकतं. म्हणजे ज्या मुलांची तुम्हाला काळजी आहे, त्यांच्यासाठीच ही सुई आहे. तेवढ्यानेही सगळ्या काही लगेच तयार झाल्या नाहीत. खरा फरक पडला दुसऱ्या दिवशी, जेव्हा तुम्ही गल्लीगल्लीत "बुखार तो नहीं आया?" विचारत फिरलात. सुई देऊन निघून जाणारे आम्ही पाहिले होते, सुईनंतर परत येणारं माणूस पाहिलं नव्हतं. उरलेल्या सह्या त्यानंतर आल्या.

2020 च्या उन्हाळ्यात मोमिनपुरा आणि सतरंजीपुरा बंद झाले, घरंच्या घरं विलगीकरणात गेली आणि बाहेर आमच्याकडे बोट दाखवलं जात होतं. पुढच्या वर्षी कोविडची लस आली, तेव्हा लोक तुमच्याच तोंडाकडे बघत होते. त्या दिवसांवर जास्त लिहवत नाही.

मला आभार मानायचे आहेत ते खरं तर माझ्या धाकट्या भावजयीसाठी. तिने लिहायला हो म्हटलंय.

बाळाच्या दीड महिन्याच्या सुईला तुम्ही घरी आलात. कार्ड भरलंत, मांडीवर पेन्टाची (पाच आजारांवरची) लस टोचतात ती जागा चोळायची नाही वगैरे सांगितलंत. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे तापाचं विचारायला आलात आणि बाळाचं झाल्यावर तिला विचारलंत, "और तुझे नींद आती है?" आम्ही सगळे घरात होतो, आपा. ती बाळाला जवळ घेत नाही हे दिसत होतं. जेवण तसंच राहतं हे दिसत होतं. अम्मी म्हणत, नजर लागली. भाऊ म्हणे, थकलीये. झोपेचं तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती जी रडायला लागली, ती थांबेना.

अडीच महिन्यांच्या सुईला तुम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारलात आणि मग स्पष्ट म्हणालात की बाळंतपणानंतर असा आजार होतो, तो बरा होतो, मेयो या सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात दाखवू. 'मानसोपचार' म्हटल्याबरोबर अम्मींनी पदर डोक्यावर ओढला. "हमारी बहू पागलखाने नहीं जाएगी." खरं तर जायचं होतं मेयोला, घरापासून जवळच, पण भीतीला पत्ता कुठे कळतो!

तेव्हा तुम्ही ताजुद्दीन बाबांचं नाव काढलंत. ज्यांच्या दर्ग्यावर अम्मी न चुकता जातात, ते बाबा स्वतः 1892 पासून कितीतरी वर्षं नागपूरच्या त्याच पागलखान्यात होते. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना तिथून आपल्याकडे आणलं. अम्मींना हे माहीत होतंच, मोमिनपुऱ्यात कोणाला माहीत नाही? तुम्ही त्याला फक्त एक वाक्य जोडलंत, "दर्गे पे भी जाइए, डॉक्टर के पास भी." दोन्ही झालं. बाळ अंगावर पीत असतानाही चालतील अशी औषधं डॉक्टरांनी दिली. हळूहळू ती सावरली, मधे एकदा पुन्हा घसरलीही. आता बाळासाठी स्वतः अंगाई म्हणते, बेसूर म्हणते.

2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निघालं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा म्हणतो, धर्म-जात न बघता ही सेवा प्रत्येकाचा हक्क आहे. 14416 या टेलीमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, नंबरवर मराठीतही कोणी ना कोणी बोलतं. पण आमच्या गल्लीत फोनही बहुतेकदा नवऱ्याच्या खिशात असतो. लसीच्या तारखांना मात्र बाळाच्या आईला कोणी अडवत नाही, आणि त्याच तारखांना तिची विचारपूस होऊ शकते. हे तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, त्याचे पैसेही मिळत नाहीत. ज्याचे मिळतात, ते वेळेवर येत नाहीत ते वेगळंच.

एक काम आहे. शेजारच्या घरी जी नवी सून आलीये, तिचं बाळ साडेतीन महिन्यांचं होतंय आणि तिसरी सुई राहिलीये. तीही रात्र-रात्र जागी असते, भिंतीतून ऐकू येतं. तिचा नवरा मगरिबनंतर, म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर, घरी असतो, माझं तो ऐकणार नाही. या आठवड्यात जमलं तर या, मी सोबत येते.

तुमची,
शाळेतली मराठीची बाई