जर्सीवरचं आडनाव

प्रिय कप्तान,

सहा महिने पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. शिव्या दे, चुकलंच माझं. तब्येत उत्तम, आईचं बीपी गोळ्यांवर ठीक आहे.

मी पुन्हा फुटबॉलच्या गोलात उभा राहतोय. चौदा वर्षांनी!

आमच्या टीममध्ये गे, लेस्बियन, ट्रान्स आणि ज्यांना नुसतं खेळायचंय असे सगळे आहेत. येईल त्याला खेळायला मिळतं. पहिल्या संध्याकाळी शर्ट बदलायला मी सवयीनं कोपऱ्यात गेलो, तोंड भिंतीकडे. माझी नजर कुणाकडे गेली असं वाटायला नको, म्हणून कॉलेजात लावून घेतलेली सवय. शेजारचा मुलगा बॉयफ्रेंडच्या घोरण्याची तक्रार करत होता आणि बाकीचे उपाय सुचवत होते. मी बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकलो आणि बराच वेळ मान वर केली नाही.

त्या दिवशी सगळे मला 'बायल्या' म्हणून ओरडले, तेव्हा तूही नाड्याच बांधत होतास. मी गुडघ्याचं कारण सांगून टीम सोडली. त्यावर आपलं भांडून झालंय, तू माफी मागितलीस, आता उकरत नाही. पण 'वेगळी टीम कशाला, सगळ्यांत मिसळून खेळ की' या तुझ्या बोलण्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. तिथं माझं निम्मं लक्ष चेंडूवर असायचं आणि निम्मं माझ्या हातवाऱ्यांवर, आवाजावर. इथं सगळं लक्ष चेंडूवर. कॉर्नरला मी आता गोललाइन सोडून पुढे येतो आणि चेंडू हवेतच पकडतो. तू घसा बसेपर्यंत हेच ओरडायचास ना? (तुझी ती फायनलमधली पेनल्टी मात्र अजून खाली आलेली नाही.)

आता खरी गोष्ट. आम्ही स्पर्धेत उतरतोय आणि नव्या जर्सीवर पाठीमागे नाव छापायचंय. आडनाव. फोटो सगळीकडे जाणार. आईला माहीत आहे, बाबांना नाही. ते आडनाव त्यांचंही आहे रे. न विचारता छापू? आणि विचारायचं, तर आधी सगळं सांगावं लागेल. मागे प्राइड मोर्चाला गेलो तेव्हा तोंडावर मुखवटा होता. पाठीवरच्या अक्षरांना मुखवटा कसा घालणार?

नुसतं 'गोली' छापता येईल. तीन रात्री तेच ठरवतो आणि सकाळी मोडतो. टॉम वॅडेल डोक्यातून जात नाही. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉनमध्ये सहावा आलेला माणूस. 1982 मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या लोकांचे खेळ भरवले, तेही पात्रतेची अट न ठेवता. नाव ठेवलं होतं 'गे ऑलिंपिक गेम्स'. अमेरिकेची ऑलिंपिक समिती कोर्टात गेली आणि खेळ तोंडावर आले असताना त्यातला 'ऑलिंपिक' शब्द काढावा लागला. उरलं 'गे गेम्स'. 1987 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो हरला, जुलैत एड्सनं गेला. एका शब्दासाठी माणूस इतका भांडतो, आणि मी माझंच नाव स्वतःहून खोडू?

मग इंग्लंडचा फुटबॉलपटू जस्टिन फाशानू आठवतो. 1990 मध्ये आपण गे आहोत हे तो उघडपणे बोलला आणि सख्ख्या भावानं जाहीरपणे हात झटकले. 1998 मध्ये त्यानं जीव दिला. बाबांनी हात झटकले तर, या विचारानं पोटात गोळा येतो. पण फाशानूला कपडे बदलताना घोरण्यावर गप्पा मारणारी टीम कुठं होती? मला आहे. परवा एक सोपा गोल खाल्ला, तर सात जण धावत आले, पाठीवर थापा मारायला. तिथंच, जिथं नाव येणार आहे.

बाळाचे फोटो बघितले, नाक थेट तुझं. नव्या नोकरीचं मनापासून अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

नावं रविवारी रात्रीपर्यंत द्यायची आहेत. तू बाबांना माझ्याइतकंच ओळखतोस, ते तुझं ऐकतातही. मी शनिवारी घरी जाऊन सांगायचं म्हणतोय. त्या वेळी तू शेजारी बसशील? काही बोलू नकोस, नुसता बस. या वेळी नाड्या बांधू नकोस मात्र.

तुझाच,
गोली