हौदाच्या पंपाबद्दल मित्रास पत्र

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, हौदाची मापंही मिळाली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट पाणी, एका टोकाला काळ्या दगडांची चढण आणि पाण्यापासून ४ फुटांवर बसवलेली ती ९ इंच रुंद शिळा. काकू रोज संध्याकाळी परसदारी बसतात, त्यांना पाणी पडताना ऐकू यावं म्हणून तू हे सगळं मांडलंस, हे वाचून फार बरं वाटलं. पण पुढे लिहिलंस की दुकानदाराने अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच ठोकळ्यात असतो तो) सुचवलाय आणि रविवारी तो आणायचं ठरलंय. म्हणून हातातलं मोटारीचं वाइंडिंग बाजूला ठेवून आधी हे लिहितोय. तो पंप आणू नकोस.

पंप वाईट नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला तोच हवा. पण त्याच्या नेमप्लेटवर ‘हेड रेंज’, म्हणजे पंप किती उंचीसाठी बनवलाय ते, लिहिलेली असते, ती कोणी वाचत नाही. घरगुती मोनोब्लॉकवर ती साधारण ६ मीटरपासून पुढे सुरू होते. म्हणजे निदान वीस फूट वर पाणी ढकलायला तो बनवलाय. तुझी शिळा आहे ४ फुटांवर. इतकी कमी उंची मिळाली की असा पंप बेसुमार पाणी फेकतो, आणि जास्त पाणी फेकायला मोटार जास्त अँपिअर ओढते. लोकांना वाटतं, उंची कमी म्हणजे मोटारीला आराम. अशा सेंट्रिफ्यूगल, म्हणजे चाक गरगर फिरवून पाणी फेकणाऱ्या, पंपाचं नेमकं उलटं असतं. माझ्याकडे अशा मोटारी येतात. झाकण उघडलं की कॉइलवरचं व्हार्निश काळं पडून पापुद्रे सुटलेले असतात, स्लॉटमधला कागद बोटाला लागताच चुरतो आणि तो करपट वास दिवसभर दुकानातून जात नाही. व्हॉल्व बंद करत आणून पाणी कमी करता येईल, पण मग वीज निव्वळ वाया. शिवाय फुटव्हॉल्व (पाणी मागे जाऊ न देणारी तळाची झडप), प्रायमिंग (सुरू करण्याआधी पंपात पाणी भरणं) आणि मोटारीची घरघर. त्या घरघरीत काकूंना पाणी ऐकू येणार कसं?

एचपी विसर. दोनच गोष्टी पाहायच्या: तासाला किती लिटर पाणी हवं आणि ते किती उंचीवर हवं.

आधी पाणी. तुझ्या हौदात १२० घनफूट पाणी मावतं. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे जवळपास ३,४०० लिटर. मासे थोडे असतील तर हौदाचं सगळं पाणी दोन तासांत एकदा फिरलं तरी चालतं. मासे भरपूर असतील तर तासात एकदा फिरायला हवं. आता शिळा बघ. काठावरून पाण्याचा पातळ पण सलग पडदा पडायचा असेल, तर रुंदीच्या दर इंचाला तासाला पावणेचारशे लिटरच्या आसपास पाणी लागतं. ९ इंचांना झाले ३,४०० लिटर. मासे आणि शिळा दोघांचा हिशेब एकाच आकड्यावर आला, ही तुझ्या मापांची पुण्याई.

हा आकडा डोळ्यांनी बघायचा असेल तर २० लिटरची बादली घे. तासाला ३,४०० लिटर म्हणजे ती बादली २१ सेकंदांत भरली पाहिजे. उलट करून बघ: भरलेली बादली शिळेवर सावकाश, २१ सेकंद पुरवून ओत. पाणी दगडाला चिकटून मागे ओघळतं की काठावरून सुटून खाली पडतं, ते तिथेच कळेल. मागे ओघळत असेल तर शिळा थोडी पुढे झुकव किंवा काठाखाली एक खाच मार. हे सगळं सिमेंट भरायच्या आधी.

आता उंची, म्हणजे हेड. पंप हौदाच्या तळाशी असला तरी उंची तळापासून मोजायची नाही. हौदातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत पाइपातलं पाणी आपोआप चढलेलंच असतं, म्हणून हौदातल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून शिळेपर्यंतचीच मोजायची. हेड कळायला तुझ्या गावात, छत्रपती संभाजीनगरात, पाणचक्की आहे. लांबच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, उंच भिंतीत चढवलं आणि तिथून हौदात सोडलं. पंप नाही, वीज नाही. उगम त्या भिंतीच्या माथ्याहून उंच आहे, तेवढ्या बळावर सगळं चालतं. पुढच्या वेळी जाशील तेव्हा त्या भिंतीकडे या नजरेने जरूर बघ. त्या बांधणाऱ्यांना हेड हाडामासात माहीत होतं.

तुझं हेड मात्र ४ फुटांवर थांबत नाही, कारण पाइपात पाणी घासतं. पंपापासून शिळेपर्यंत १५ फूट पाइप आणि तीन एल्बो (काटकोनी वळणाचे जोड) धरून मी हिशेब केला. १ इंची पाइप टाकलास तर एवढं पाणी नेताना नुसत्या घर्षणात आणखी ४ फूट जातात. म्हणजे हेड दुप्पट झालं! दीड इंची टाकलास तर जेमतेम अर्धा फूट. तेवढंच पाणी न्यायचं असेल आणि व्यास दुप्पट केला, तर घर्षण जवळपास बत्तिसाव्या हिश्शावर येतं, म्हणून फरक इतका मोठा पडतो. पंपाचं तोंड बारीक असलं तरी रिड्यूसर (लहान-मोठे पाइप जोडणारा तुकडा) लावून लगेच मोठ्या पाइपावर ये. एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड मिळाले तर तेच लाव. बंडू, पंपावर पाचशे रुपये जास्त घालण्यापेक्षा पाइपावर दोनशे घाल, हे मी कोणालाही सांगेन. पाइप एकदाच घ्यायचा, वीजबिल दर महिन्याला येतं.

तर तुला पंप हवा तो दीड मीटर उंचीवर तासाला ३,४०० ते ३,५०० लिटर देणारा. इथेच लोक फसतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: ३,५०० लिटर, ३ मीटर. वाटतं, ३ मीटरवर ३,५०० लिटर मिळतील. तसं नसतं. ३,५०० लिटर मिळतात ते उंची शून्य असताना, आणि ३ मीटरवर पाणी पाइपात नुसतं उभं राहतं, बाहेर एक थेंब पडत नाही. मधल्या उंचीवर किती मिळेल ते खोक्यावरच्या किंवा माहितीपत्रकातल्या वक्ररेषेत असतं. ढोबळमानाने निम्म्या उंचीवर निम्म्याच्या आसपास पाणी धर. त्या हिशेबाने तुला ६,५०० ते ७,००० लिटर आणि ३ ते साडेतीन मीटर लिहिलेला पंप लागेल. ज्याच्यावर वक्ररेषा छापलेलीच नाही तो घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळाला तरी.

असा पाण्यात बुडणारा पंप साधारण ६० ते ८० वॅटचा असतो. ७० वॅट धरले तर चोवीस तासांत पावणेदोन युनिट, महिन्याला पन्नास. तो अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक चोवीस तास चालवलास तर महिन्याला चारशे युनिटांच्या घरात जाशील आणि सगळ्या घराचं बिल वीजदराच्या वरच्या स्लॅबमध्ये ढकललं जाईल. दुसरं म्हणजे ७० वॅट घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतात, आणि हे मला बिलापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

कारण पंप पाहुणे आल्यावर लावायची वस्तू नाही. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती पाण्यात प्राणवायू सोडतात, रात्री त्याच वनस्पती तो वापरतात. पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. तुमच्याकडच्या मे महिन्यात दोन फूट पाणी किती तापतं ते तुला माहीत आहे. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले तर त्यांना भूक लागलेली नसते, त्यांचा श्वास कोंडलेला असतो. म्हणून रात्री पंप चालूच हवा, वीज गेली तरी.

घेताना पंप तेलभरला नाही ना, हे विचारून घे. सील गेलं की तेल पाण्यात उतरतं आणि माशांच्या जिवावर बेततं. इपॉक्सीत बंद केलेली कॉइल आणि चुंबकावर फिरणारा रोटर असलेला पंप माग. कूलरचा पंपही काहीजण सुचवतील. चार महिने कूलरच्या टबात ठीक असतो, वर्षभर गाळात बसायला तो केलेला नाही. आणि बारीक स्पंजाचा फिल्टर असलेला कारंज्याचा पंप तुझ्या कामाचा नाही, आठवड्यात गच्च होतो. मोठ्या जाळीचा, ६ ते ८ मिलिमीटरचा कचरा आरपार जाऊ देणारा हवा.

पंप तळावर टेकवू नकोस, दोन विटांवर ठेव. गाळ कमी ओढला जातो, आणि कुठे पाइप सुटलाच तर खाली माशांपुरतं पाणी राहतं. शिळेच्या समोरच्या टोकाला ठेवलास तर सगळा हौद फिरेल. कमळं मात्र धबधब्यापासून लांब लाव. पानांवर सतत पाणी उडालेलं त्यांना सोसत नाही. हलत्या पाण्यावर डास अंडी घालायचं टाळतात, तरी कोपरे शांत राहतातच. तिथे गप्पी मासे सोड, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता जे सांगतोय ते तू टाळायचं नाहीस. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) बसव. एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा नेहमीचा स्विच) वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. अर्थिंग तपासून घे. पंपाच्या वायरला हौदाजवळ जोड द्यायचा नाही, टेप गुंडाळून तर मुळीच नाही. लांब वायरीचाच पंप घे आणि प्लग भिंतीत, पावसापासून आडोशाला, कंबरेच्या वर. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हा नियम पोरांना आणि काकूंनाही सांगून ठेव. दुकानात बसून मी असे अपघात ऐकलेत की यावर मी तुझ्याशी वाद घालायलाही तयार नाही.

रविवारी दुकानात गेलास की पैसे द्यायच्या आधी वक्ररेषेचा आणि नेमप्लेटचा फोटो मला पाठव. मी दुकानातच असेन.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुध्या

ता. क. तुमच्या बोअरचं पाणी जड आहे. दोन-तीन महिन्यांत इम्पेलरवर (पंपातल्या पात्यांच्या चाकावर) पांढरा थर धरेल आणि पाणी कमी पडायला लागेल. पंप बिघडला म्हणून टाकू नकोस. पुढची जाळी काढ, रोटर हळूच ओढून बाहेर घे आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेव. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलास की थर निघून येतो. रोटरच्या मधली सळई चिनी मातीची असते, ती पडू देऊ नकोस.