ताप नव्हता, तरी न्यूमोनिया होता

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत सर्दी-खोकल्यावर पुष्कळ छापून येते. न्यूमोनिया मात्र ‘ताप, खोकला, छातीत दुखणे’ एवढ्या एका ओळीत उरकला जातो. याच ओळीवर विसंबून आमचे चार दिवस वाया गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. त्यांना ताप नव्हता, खोकलाही फारसा नव्हता. जेवण कमी झाले, दिवसभर पडून राहू लागल्या. एकदा मला त्यांनी धाकट्या नणंदेच्या नावाने हाक मारली. आम्ही म्हणालो, वय झाले. एका दवाखान्यात छातीला हात न लावता खोकल्याचे औषध लिहून मिळाले. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही आम्हीच दिल्या. तेव्हा ती काळजी वाटली होती, आज चूक वाटते.

पाचव्या दिवशी ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातच राहू दिला. खुर्ची ओढून सासूबाईंजवळ बसल्या आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत, पदर किती वेळा वर-खाली होतो ते पूर्ण एक मिनिट मोजले. 32. मोठ्या माणसाचा श्वास स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 असतो. 30 किंवा त्याहून जास्त हे आजार गंभीर असल्याचे लक्षण. धाप लागलेली दिसत नव्हती, कारण श्वास उथळ होता. मग त्यांनी विचारले, “आजी, आज वार कोणता?” सासूबाईंना सांगता आले नाही. अशी भ्रमिष्टासारखी अवस्था अचानक आली तर तिला वय म्हणू नका, असे डॉक्टरांनी आम्हाला बजावले. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी तेच पहिले लक्षण असते. ताप येतोच असे नाही.

बोट गार होते, म्हणून ते चोळून ऊब आणली आणि मगच ऑक्सिमीटर लावला. रक्तातला ऑक्सिजन 88 टक्के, म्हणजे बराच कमी निघाला. शेवटी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि मलाही ऐकवले. कानाजवळ केसांची बट दोन बोटांत चोळली की जसा बारीक करकर आवाज येतो, तसा उजव्या बाजूला खाली येत होता. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांत पाणी आणि पू साचला की असे होते. एक्स-रेमध्ये तोच भाग पांढरा दिसला. अगदी सुरुवातीला एक्स-रे स्वच्छही येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या फिल्मवर निदान ठरत नाही, हे मला तिथेच कळले.

अँटिबायोटिकचा पहिला डोस रक्ताच्या अहवालांची वाट न पाहता लगेच शिरेतून गेला. नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःहून खायला मागितले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. पुढे इंजेक्शनच्या जागी गोळ्या आल्या. बरे वाटले म्हणून कोर्स मध्येच सोडायचा नाही आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवायच्याही नाहीत, ही ताकीद होती. न्यूमोनिया विषाणूमुळे झाला असेल तर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. कोणाला द्यायचे ते तपासणाऱ्याने ठरवायचे.

लहान मुलांची गोष्ट याहून नाजूक, कारण त्यांना सांगता येत नाही. तिथेही मोजणे हीच पहिली पायरी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचा 50 किंवा जास्त, आणि 1 ते 5 वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त असेल, तर खोकल्याच्या औषधात वेळ घालवू नये, डॉक्टर गाठावा. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगातले झबले वर करून मोजावे. तान्ह्या बाळांचा श्वास कधी भरभर तर कधी थांबत चालतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे चालत नाही. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, मूल दूध घेत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थेट रुग्णालय. एरवी आजार साधा असेल तर पुष्कळदा अमॉक्सिसिलिनच्या गोळ्यांवर मूल घरीच बरे होते. इतका स्वस्त आणि जुना उपाय हाताशी असताना केवळ उशिरामुळे मूल दगावावे, हे मला सहन होत नाही. न्यूमोकोकस आणि हिब या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूंवरच्या लसीही चुकवू नयेत.

माझी विनंती एवढीच की, वरचे वयानुसार आकडे आपण पुरवणीत चौकटीत, ठळक टाइपात आणि वारंवार छापावेत. कापून भिंतीला चिकटवता येतील असे. मोजायला सेकंदकाटा पुरतो.

सासूबाईंचा सहा आठवड्यांनी काढलेला एक्स-रे स्वच्छ आला. थकवा मात्र त्यानंतरही महिनाभर होता. तोही न्यूमोनियात अपेक्षितच असतो, हे आधी माहीत असते तर आम्ही त्यांना ‘जरा चालत जा’ म्हणून रोज टोकले नसते.

आपली,
एक नियमित वाचक