अकरा महिन्यांच्या नोकरीला किती जीव लावायचा

बेटा ताई,

परवा फोनवर तू म्हणालीस अण्णा मी बरी आहे, पण आवाज काही बरा नव्हता, तुझी आई लगेच म्हणे पोर जेवत नही व्हई, आणि कळण्याचं पीठ बांधायला बसली. मला नाही वाटत जेवणाचं आहे. कराराच्या रिन्यूअलची तारीख जवळ आली की दरवेळी तुझं असंच होतं, काम तेवढंच असतं पण सहाला सुटायचं तर नऊपर्यंत बसून राहतेस, का तर उठून जाताना कोणी बघायला नको.

२०१९ मधे जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआउटची व्याख्या केली, मी मुद्दाम वाचली. अंगातला जोर संपणं, कामावरून मन उडणं, आपल्याच्यानं काही होत नाही असं वाटणं. याला त्यांनी आजार म्हटलेलंच नाही, कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं म्हणे. तेव्हा उगाच स्वतःला आळशी म्हणत बसू नको.

आता तुझे मॅनेजर लॉयल्टी लॉयल्टी करतात त्याचं. मी जळगावला एमआयडीसीत डाळ मिलमधे होतो तेव्हा माणसं कमी करणार अशी नुसती कुजबुज सुरू झाली, काढलं कोणालाच नव्हतं अजून. आधी बेअरिंग जरा गरम झालं तरी पोरं धावत सांगायला यायची, त्यानंतर ते किरकिर वाजत राहायचं आणि सगळे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. कामचुकार नव्हतं हो कोणी, पोती तेवढीच भरायची. आणि चांगला फिटर होता तो सगळ्यात आधी गेला, ज्यांना बाहेर कोणी विचारत नव्हतं ते राहिले, शेठला वाटायचं हेच निष्ठावान!

तुझा तर करारच अकरा महिन्यांचा. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नवीन कामगार कायद्यात फिक्स टर्मवाल्याला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावरच्या माणसाला, एक वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी रक्कम) आहे, पाच वर्षं थांबायचं नाही, आणि हे लोक वर्षच भरू देत नाहीत, मग कोणत्या तोंडानं निष्ठा मागतात? काम चोख कर, पण रात्रीचे तीन तास फुकट देऊ नको, त्यात काही नवीन शिक नाहीतर सरळ झोप काढ.

नोकरी सोड असं म्हणत नाही, तुझ्या रूमचं भाडं मला माहिती आहे. फक्त सगळे करार आणि पगाराच्या स्लिपा फोटो काढून मला पाठव, आणि पीएफचं पासबुक उघडून बघ, कंपनीचा हिस्सा दर महिन्याला पडतोय का ते.

अण्णा