आई, बाबांची गोळी घड्याळ बघून दे

नेरूळ, बुधवार रात्र

ती. आई आणि बाबा,
शि. सा. न.

रविवारी ठाण्याहून निघाले, नेरूळच्या गाडीत खिडकीजवळ जागाही मिळाली, पण डोळ्यांसमोरून ती स्टीलची वाटी काही हलेना. फडताळात तांदळाच्या डब्यामागे ठेवलेली, आणि तिच्यात बाबांच्या कॅन्सरच्या दुखण्यावरच्या मॉर्फिनच्या गोळ्यांचे तुकडे, अडकित्त्याने कातरलेले, सुपारीच्या खांडांसारखे. तेव्हा मी काही बोलले नाही. बाबा जागे होते आणि आई, तुझा चेहरा एवढासा झाला होता. फोनवर तू "बरं चाललंय गं" म्हणतेस, दुखणं दहापैकी किती विचारलं की बाबा "दोन" म्हणतात, आणि बोलणं तिथेच संपतं. म्हणून हे पत्र. दोघांनी मिळून वाचा, बाबांनी मोठ्याने वाचावं.

आई, आधी तुझ्याशी बोलते. हॉस्पिटलच्या खिडकीवर त्यांनी रजिस्टरमध्ये नाव-पत्ता उतरवून तुझी सही घेतली, तेव्हाच तुझ्या मनात पाल चुकचुकली असणार. अमली पदार्थांचा कायदा १९८५ सालचा आहे आणि मॉर्फिन त्यात येतं, म्हणून गोळीगोळीचा हिशेब ठेवतात. पण बाबांसारख्या पेशंटना हेच औषध कमी खेटे घालून मिळावं म्हणून २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्तीही झाली. ती नोंद औषधाची आहे. बाबांच्या नावावर त्याने कुठला डाग लागत नाही.

आणि व्यसनाचं म्हणशील तर दिवाळीनंतरचा महिना आठव. गोळी नीट चालू होती, बाबा रिक्षाने तलावपाळीला गेले, कोपिनेश्वराचं दर्शन घेतलं, येताना तुझ्यासाठी चाफा आणला. व्यसनात बुडालेला माणूस असा संसारात परत येतो का? शरीराला औषधाची सवय होते हे खरं आहे, म्हणूनच ते एका दिवसात बंद करायचं नसतं, डॉक्टर पायरीपायरीने उतरवतात. पण ती सवय वेगळी, व्यसन वेगळं. कॅन्सर हाडात गेल्यावर जे दुखतं, त्यासाठी नेमून दिलेलं औषध घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता वाटीबद्दल. या गोळीतलं औषध बारा तासांत थोडंथोडं सुटावं अशी तिची घडण असते. कातरली, कुटली किंवा चावली की ती घडण मोडते. औषध एकदम अंगात उतरतं आणि पुढचे तास कोरडे जातात. म्हणून रविवारी सकाळी बाबा पेंगत होते आणि चारच्या चहाला कण्हायला लागले. तुला वाटलं, अर्ध्या गोळीत एवढी गुंगी, तर अख्खीने काय होईल! तुझी भीती मला समजते. पण कातरल्यामुळे गुंगीही वाढली आणि दुखणंही. मी डॉक्टरांशी बोलले आहे. इतके दिवस अर्ध्यावर गेल्यामुळे डोस ते नव्याने ठरवणार आहेत, उद्या त्यांचा फोन येईल. ते सांगतील ती गोळी अख्खी, पाण्याबरोबर, सकाळी आठला आणि रात्री आठला. बाबा "आत्ता दुखत नाहीये" म्हणाले तरीही द्यायची. फक्त ते गाढ झोपेत असले आणि हाक मारून उठत नसले, तर देऊ नकोस, हलवून बघ; नीट जागे झाले तर मला फोन कर, नाही तर आधी १०८ ला.

बाबा, आता तुम्ही. वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं तुम्ही लेथ सांभाळलीत. बेअरिंग कुरकुरेपर्यंत ग्रीस भरायला थांबलात का कधी? दुखणं एकदा चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं, आणि माणूस पार दमून जातो. मधेच चमक मारली तर वेगळी, लवकर काम करणारी छोटी गोळी दिलेली आहे. ती मागायची. किती वेळा लागली तेवढं मात्र लिहून ठेवायचं, त्यावरूनच डॉक्टर मोठी गोळी वाढवायची की नाही ते ठरवतात.

दहापैकी किती, असं मी विचारते आणि तुम्ही "दोन" म्हणता. मार्गो मॅकॅफरी या अमेरिकन नर्सने १९६८ साली लिहून ठेवलं की दुखणं म्हणजे पेशंट सांगेल ते, आणि तो सांगेल तेव्हा ते आहे. आम्ही वॉर्डात त्यावरच चालतो, पेशंटच्या आकड्यावर शंका घेत नाही. तुमच्याही आकड्यावर मी विश्वास ठेवला. दीड महिना फोनवर "दोन" ऐकून निर्धास्त राहिले, आणि रविवारी पाहिलं तर उठताना तुम्ही पलंगाची कड अशी धरली की बोटांची पेरं पांढरी पडली. उशाशी पेपर होता, त्याची घडीही मोडलेली नव्हती. तुम्ही, आणि पेपर न वाचता! तो आकडा सातच्या खाली नव्हता, बाबा. मला काळजी वाटू नये म्हणून लपवत असाल, तर माझी काळजी त्याने दुप्पट होते. मी लांब आहे. तुमच्या आकड्याखेरीज माझ्या हातात काही नाही.

पोटाचं सांगायला तुम्ही दोघंही संकोचता, पण याच औषधाने आतडी मंदावतात. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठाची मात्र शरीराला सवय होत नाही. म्हणून पोट साफ होण्याचं औषध मॉर्फिनसोबत रोज, न चुकता. आई, इसबगोल नको. बाबा दिवसभरात जेमतेम तीन-चार भांडी पाणी पितात, मंदावलेल्या आतड्यात ते फुगून उलट अडकतं. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

बाबांच्या शर्टाच्या खिशात मला गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅकची पट्टीही दिसली. ती बंद. या वयात, बीपीच्या गोळ्या चालू असताना, ती किडनीवर येते, आणि किडनी मंदावली की मॉर्फिनचा अंश शरीरात साठत जातो. आणि शेजारच्या काकूंच्या कंबरेला आपली गोळी, अर्धीसुद्धा, देऊ नकोस हं आई. बाबांना झेपणारा डोस त्यांच्या जिवावर बेतू शकतो. गोळ्या तांदळामागे नकोत, कपाटात कुलपात ठेव. दादाचा धाकटा डबे उघडतच फिरत असतो.

एक गोष्ट मात्र रोज बघायची. आधी झोप जड होते आणि मग श्वास मंदावतो, हा क्रम लक्षात ठेव. बाबा झोपले असताना पांघरुणावर अलगद हात ठेव आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोज. बारा ते वीस असतील तर निर्धास्त झोप. दहाच्या आत आले, किंवा हलवूनही ते धड जागे होत नसले, तर १०८ ला फोन कर, मग मला. मी नाइटला असले तरी फोन उचलेन, इन्चार्ज सिस्टरना सांगून ठेवलंय.

बाबा, तुम्ही मशीनचं लॉगबुक लिहायचात तशी एक वही काढा. वेळ, गोळी, दहापैकी किती, पोट साफ झालं की नाही. आईवर टाकू नका, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे.

रविवारी सकाळची ड्युटी संपवून तीनच्या सुमाराला येते. आई, वाटीतले तुकडे कचऱ्यात टाकू नकोस, पाकिटात घालून ठेव. सोमवारी हॉस्पिटलच्या खिडकीवर मीच परत देईन.

तुमची,
मनू