उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांना

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

पत्रात माझं नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून घातलेलं नाही. पण आभार चारचौघांत मानणार आहे. तुमच्यासमोर मानायला लागलो की तुम्ही ‘चहा सांग जा’ म्हणून विषय बदलता. हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल, तेवढा वेळ हातातला पाना खाली ठेवून ऐका.

आपली गाडी लेहला जाऊन आली.

वडिलांची १९७४ची बुलेट आठ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. तुमच्याकडे आणण्याआधी दोन ठिकाणी दाखवली होती. एकानं इंजिनच बदला म्हटलं, दुसऱ्यानं तर ही शोभेला ठेवा आणि डोंगरात न्यायला नवी घ्या असा सल्ला दिला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. हेडवर हात ठेवलात, किक दोनदा हळूच दाबून बघितलीत आणि म्हणालात, “बिडाचं इंजिन आहे. नीट ठेवलं तर कुठंबी जाईल. पण मी करणार नाही, तू करायचं. चार रविवार येतोस?”

खरं सांगतो, तेव्हा वाईट वाटलं होतं. पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाला कोण असं सांगतं? आज कळतंय की त्या चार रविवारांची किंमत मी कुठल्याच बिलात देऊ शकलो नसतो.

पहिला रविवार नुसता टॅपेटमध्ये, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कांड्यांची फट लावण्यात गेला. गार इंजिन, पिस्टन वर, टॅपेटचं झाकण उघडं. “कांडी दोन बोटांत धर. फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.” मी फट मोजायचं फीलर गेज काढायला लागलो तर तुम्ही ते खिशात घातलंत. संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघाली, पण घट्ट कांडी कुठली आणि बरोबर कुठली हे डोळे मिटूनही कळायला लागलं. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर. वर हवा विरळ होते, पेट्रोल मात्र जेटमधून तेवढंच येतं, म्हणून प्लग काळा पडतो, हे तुम्ही समजावलंत आणि सुईची क्लिप एक खाच वर घेतली की सुई खाली बसते, पेट्रोल कमी जातं, हे माझ्याकडून दहा वेळा करून घेतलंत. क्लचची नवी केबल जुन्या केबलीशेजारीच ओवून टेपनं बांधायची, म्हणजे तुटली तर रस्त्यावर टाकी काढत बसावं लागत नाही, हेही त्याच दिवशीचं.

मनालीच्या पुढे अटल बोगद्यातून गेलो असतो तर ९ किलोमीटरांत पलीकडचं लाहौल खोरं गाठता आलं असतं. पण गाडीची पारख व्हावी म्हणून जुन्या वाटेनं रोहतांग खिंड चढलो, ३,९७८ मीटर. वर पोचेपर्यंत गाडी खोकायला लागली होती. प्लग काढला तर काजळीनं भरलेला. केलाँगच्या मुक्कामी, हॉटेलच्या अंगणात, क्लिप एक खाच वर घेतली. वीस मिनिटं लागली. तांडीच्या पंपावर टाकी आणि दोन कॅन आधीच भरून घेतले होते. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी तिथंच आहे.

खरी वेळ आली ती बारालाचा खिंडीच्या चढावर. ओढ्यांना दुपारी बर्फाचं पाणी वाढतं म्हणून पहाटेच निघालो होतो. झिंगझिंगबार मागं पडलं आणि गाडीचा दम जायला लागला. आधी तिसऱ्यात ओढेना, मग दुसऱ्यात. इंजिन नेहमीपेक्षा जास्त तापलं होतं. सूरज ताल या तळ्याच्या अलीकडच्या वळणावर ती बंद पडली ती पडलीच.

तिथली उंची जवळपास ४,८०० मीटर. डोकं ठणकत होतं, दोन पावलं टाकली की धाप. काका, त्या वेळी मला विचारच करता येत नव्हता. गाडीचं काय बिघडलं असेल याची यादी मनात जुळवायला जायचो आणि दुसऱ्या नावापाशी पहिलं विसरायचो. शेवटी यादी सोडून दिली आणि हात जिकडे गेले तिकडे जाऊ दिले. ते आधी पॉइंटच्या, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या भागाच्या झाकणाकडे गेले.

फायबरची टाच झिजून पॉइंट जवळजवळ मिटलेले. तुम्ही दिलेल्या गोडेतेलाच्या पत्र्याच्या डब्यात नवा पॉइंट होता, कंडेन्सर होता, गेज होतं, सायकलचा खूण केलेला स्पोक होता. आणि ठिणगीची वेळ लावताना पॉइंटमध्ये धरायचा, सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदाचा तुकडासुद्धा, घडी घालून ठेवलेला. तो दिसला आणि डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही तर सिगारेट ओढत नाही. म्हणजे तो कुणाकडून तरी मागून घेतला असणार.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली. नवा पॉइंट बसवला, गॅप लावला. चौथा गिअर, मागचं चाक हातानं, प्लगच्या भोकातून स्पोक. पिस्टन पार वर आला, मग चाक किंचित मागं, तुमच्या खुणेइतकं, ०.८ मिलिमीटर. पॉइंटमध्ये कागद धरून प्लेट हळूहळू फिरवली. कागद घट्ट, घट्ट, अजून घट्ट, आणि मग पॉइंट उघडताच अलगद सुटला. तिसऱ्या रविवारी तुमच्या गॅरेजात हाच कागद सुटायला मला दुपारचे तीन वाजले होते. इथं गारठलेल्या बोटांनी पहिल्याच खेपेला जमलं.

किक हलकी करणारा डिकॉम्प्रेसर दाबला, अँमीटरचा काटा मधे आणला, किक मारली. दुसऱ्या किकला चालू झाली. तो आवाज तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू? त्या मोकळ्या डोंगरात, निळ्या तळ्याशेजारी, तो आवाज ऐकत मी बराच वेळ नुसता उभा होतो. वडील रोज सकाळी कामाला निघताना असाच आवाज यायचा.

पुढचं फारसं सांगण्यासारखं नाही, कारण गाडीनं काही सांगायला ठेवलं नाही. बारालाचा झाला, गाटाची २१ वळणं पहिल्या-दुसऱ्यात चढलो, लाचुलुंगची खिंड झाली. तांगलांगला, ५,३२८ मीटरवर, हवा आपल्या सपाटीच्या निम्मीच. तिथं चालण्याच्या वेगानं का होईना, पण न थांबता चढली. खिंडीत तिचा फोटो काढलाय. पुढच्या मडगार्डवर तुम्ही पिवळ्या रंगानं ओढलेली बारीक रेघ त्यात स्पष्ट दिसते.

झिजलेला पॉइंट टाकलेला नाही, डब्यातच आहे. वापरलेल्याच्या जागी आणखी एक नवाही डब्यात भरून ठेवलाय. रविवारी येतो. परतीच्या वाटेवर क्लच थोडा घसरत होता, प्लेटी मीच उघडतो. तुम्ही फक्त स्टूल टाकून शेजारी बसा.

आपला,
बुलेटवाल्याचा मुलगा