गीतकारांची नावे का गाळता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सत्तरच्या दशकातल्या गाजलेल्या हिंदी चित्रपटगीतांवरचा लेख आवडीने वाचला. मात्र तो सगळा राजेश खन्ना, किशोरकुमार आणि आर. डी. बर्मन यांच्याभोवतीच फिरतो आणि एकाही गीतकाराचे नाव त्यात येत नाही. ते मनाला लागले, म्हणून हे पत्र.

तेव्हा लोकांना खरोखर काय आवडत होते हे पाहायचे तर रेडिओ सिलोनवरचा गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम, बिनाका गीतमाला, आठवावा. रेकॉर्डविक्रेत्यांकडचा खप आणि श्रोता संघांची पसंती यांवरून गाण्यांचा क्रम लागे. बुधवारी रात्री आठला निवेदक अमीन सयानी एकेक पायदान, म्हणजे क्रमवारीची पायरी, चढत वर जात, तेव्हा चाळीत कुणाचाही रेडिओ दुसऱ्या स्टेशनवर नसे. १९७० साली वर्षभरात पहिले आले लताबाईंचे ‘बिंदिया चमकेगी’, १९७१ ला किशोरकुमारांचे ‘जिंदगी एक सफर है सुहाना’, १९७२ ला आशाबाईंचे ‘दम मारो दम’. इथवर आपला लेख ठीक आहे.

पण १९७३ ला पहिले आले मन्ना डे यांचे ‘यारी है ईमान मेरा’. ‘जंजीर’ने अमिताभला स्टार केले, तरी वर्षाचे गाणे ठरले ते त्याच चित्रपटातले, अभिनेते प्राण यांच्यावर चित्रित झालेले! ते लिहिणारे गुलशन बावरा मुंबईत रेल्वेत कारकून होते. ‘जिंदगी एक सफर’ लिहिणाऱ्या हसरत जयपुरींनी मुंबईतच बस कंडक्टरची नोकरी केली. ‘बिंदिया चमकेगी’ आणि ‘दम मारो दम’ लिहिणारे आनंद बक्षी फौजेत होते. चार लोकांत वावरलेली ही माणसे. त्यांचे शब्द चटकन लोकांच्या तोंडी बसले यात नवल ते काय? १९७४ चे ‘मेरा जीवन कोरा कागज’ एम. जी. हशमत यांचे. हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

आणि १९७५! त्या वर्षी पहिली आली चक्क महागाईवरची कव्वाली, ‘रोटी कपडा और मकान’मधली. लता, मुकेश, चंचल आणि जानी बाबू कव्वाल यांनी गायलेली, वर्मा मलिक यांनी लिहिलेली. रेशनच्या रांगेची लांबी, पावडरच्या दुधाची मलई, सगळे त्यात आहे. दुष्काळानंतरचे ते दिवस ज्यांनी काढले त्यांना वेगळे सांगायला नको. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यामागे बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या होत्या. आमच्या मजल्यावरच्या बायकाही गेल्या होत्या. पुढे ही कव्वाली लागली की त्याच बायका हातातले काम टाकून ती ऐकत. सत्तरच्या दशकावर लिहिताना हे गाणे वगळणे मला तरी पटत नाही.

विविध भारतीवर गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट सगळे सांगण्याची रीत होती. हल्ली एफएमवर गाणे नुसतेच सुरू होते. छापील वर्तमानपत्राला तर जागेचीही अडचण नाही; दोन शब्दांचेच काम आहे. तेव्हा आपल्या पुरवणीत गाण्याचा उल्लेख येईल तिथे गायकासोबत गीतकार आणि संगीतकारही छापावेत, आणि वर्मा मलिक, गुलशन बावरा, हशमत यांच्यावर एखादा स्वतंत्र लेख द्यावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक जुना वाचक, दादर, मुंबई